ओळख बदलत राहिली: टेम्पीच्या अपघाताचं प्रकरण, एका टेस्टरच्या नजरेतून

रविवार, १८ मार्च २०१८. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातलं टेम्पी शहर, रात्रीचे दहा वाजायला दोनेक मिनिटं. नॉर्थ मिल ॲव्हेन्यूवर ४९ वर्षांची एक बाई सायकल हातात धरून चालत रस्ता ओलांडत होती. सायकलच्या हँडलला पिशव्या लटकवलेल्या. तिने जवळपास अख्खा रस्ता पार केला होता. शेवटच्या, उजवीकडच्या लेनमध्ये तिला उबरची चाचणीची व्होल्वो एक्ससी९० धडकली, ताशी सुमारे ६३ किलोमीटर वेगाने. बाई वाचली नाही. स्वयंचलित गाडीने पादचाऱ्याचा जीव घेतल्याची ही पहिली नोंद.

गाडी स्वतः चालत होती. स्टिअरिंगमागे एक बाई बसलेली होती, पण तिचं काम गाडी हाकण्याचं नव्हतं. गाडी हाकणाऱ्या सॉफ्टवेअरवर नजर ठेवायची, ते चुकलं तर ताबा घ्यायचा आणि काही वेगळं घडलं तर त्याची नोंद करायची, हे तिचं काम. आमच्या धंद्यात या कामाला एकच शब्द आहे: टेस्टिंग. मी गेली बरीच वर्षं हेच काम करतो, फक्त वातानुकूलित खोलीत बसून. त्यामुळे अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने नोव्हेंबर २०१९ मध्ये या अपघाताचा अंतिम अहवाल मंजूर केला, तेव्हा तो मी बातमी म्हणून वाचला नाही. बग रिपोर्ट म्हणून, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या दोषाची नोंद म्हणून वाचला. आजवर वाचलेला सगळ्यात चांगला बग रिपोर्ट तोच.

आधी एक गैरसमज बाजूला करू. अपघातानंतर तीन दिवसांत पोलिसांनी गाडीतल्या कॅमेऱ्याची चित्रफीत जाहीर केली. तिच्यात रस्ता काळाकुट्ट दिसतो आणि बाई अंधारातून अचानक पुढे येते. ती पाहून पुष्कळांनी निकाल देऊन टाकला, की माणूस चालवत असता तरी हे टळलं नसतं. ती चित्रफीत साध्या डॅशकॅमची होती. गाडीच्या छतावर लिडार होता, तो लेझरने पाहतो, त्याला रस्त्यावरच्या दिव्याशी देणंघेणं नसतं. रडार होतं, त्यालाही नाही. आपल्याकडे ग्राहक एखादा स्क्रीनशॉट पाठवतो आणि सगळी मीटिंग त्या स्क्रीनशॉटवर भांडत बसते, लॉग, म्हणजे सिस्टीमने स्वतः करून ठेवलेली नोंद, कुणी उघडतच नाही. इथेही तसंच झालं. लॉग उघडल्यावर जे दिसलं ते असं.

धडकेच्या ५.६ सेकंद आधी रडारला काहीतरी दिसलं. सिस्टीमने त्याला नाव दिलं: वाहन. गाडी तेव्हा ताशी ७० किलोमीटरच्या आसपास होती, म्हणजे सेकंदाला साधारण साडेएकोणीस मीटर. हिशेब केला तर बाई तेव्हा शंभराहून जास्त मीटर लांब होती.

५.२ सेकंद: लिडारनेही पाहिलं. नाव: इतर. अंदाज: वस्तू स्थिर आहे.

४.२ सेकंद: नाव पुन्हा वाहन. तरी अंदाज स्थिरच.

त्यानंतर जवळजवळ सव्वा सेकंद नाव वाहन आणि इतर यांच्यामध्ये हेलपाटे घालत राहिलं.

२.६ सेकंद: सायकल, स्थिर. पुढच्याच क्षणी: सायकल, पण शेजारच्या लेनमधून सरळ पुढे जाणारी.

१.५ सेकंद: अनोळखी वस्तू, परत स्थिर, आता काही भाग आपल्या लेनमध्ये. गाडीने बाजूने वळसा घालून जायचा बेत आखला.

१.२ सेकंद: सायकल, पूर्णपणे आपल्या वाटेत. धोका! आणि इथे गाडीने काय करावं? एक सेकंद काहीच करू नये, असं ठरलेलं होतं.

०.२ सेकंद: आवाजी इशारा, आणि हळूहळू वेग कमी करायचा बेत.

धडकेच्या अगदी उंबरठ्यावर स्टिअरिंगमागच्या बाईने चाक पकडलं. ब्रेक तिने दाबला तो धडकेनंतर.

हा तक्ता मी नव्या मुलांना दाखवतो, कशाचा आहे ते न सांगता. कुठल्या ओळीवर बग टाकाल, असं विचारतो. बहुतेक जण शेवटच्या दोन ओळींवर बोट ठेवतात. बरोबरच आहे, नुकसान तिथे होतं. पण मला स्वतःला अजूनही सगळ्यात जास्त अडकवून ठेवते ती ५.२ सेकंदांची ओळ आणि तिच्यातला 'स्थिर' हा शब्द. चालणाऱ्या बाईला स्थिर का म्हटलं?

उत्तर कोडमध्ये नाही, कोडच्या आधी आहे. या सिस्टीममध्ये प्रत्येक वस्तूला आधी नाव द्यायचं आणि मग त्या नावावरून ती पुढे काय करेल याचा अंदाज बांधायचा, अशी रीत होती. लेनमध्ये दिसलेलं वाहन असेल तर ते लेनने पुढे जाईल. सायकल असेल तर तीही लेनने पुढे जाईल. पादचारी असेल आणि तो झेब्रा क्रॉसिंगजवळ असेल, तर रस्ता ओलांडेल. क्रॉसिंगपासून लांब, रस्त्याच्या मधोमध चालणारा माणूस? ती शक्यता डिझाइनमध्ये धरलेलीच नव्हती. जवळचं क्रॉसिंग शंभरेक मीटर दूर होतं. 'इतर' या नावाला तर कुठलाच हेतू जोडलेला नव्हता. हेतू नाही म्हणजे वस्तू जिथे आहे तिथेच राहणार.

पुण्यात वाढलेल्या माणसाला हे वाचून हसू येतं आणि मग हसल्याची लाज वाटते. लक्ष्मी रोडवर एक संध्याकाळ काढलेला कुठलाही टेस्टर पहिली टेस्ट केस, म्हणजे तपासायचा प्रसंग, हाच लिहील: माणूस, क्रॉसिंग नाही, हातात सामान. पण आपल्यालाही आपल्या रस्त्यापलीकडचं दिसतं कुठे? सॉफ्टवेअरच्या गरजा लिहिणाऱ्याने कायदा डोळ्यांसमोर ठेवला. कायद्यात माणूस क्रॉसिंगवरून जातो. टेम्पीच्या त्या जागी तर दुभाजकावर विटांची छान पायवाट बांधलेली होती, चालायला बोलावणारी, आणि सोबत इथून ओलांडू नका म्हणणारी पाटी. पायवाट एक सांगते, पाटी दुसरं, आणि गरजांच्या दस्तावेजात फक्त पाटी उतरते. हे मी सॉफ्टवेअरमध्ये इतक्या वेळा पाहिलंय, की 'युजर असं करणारच नाही' हे वाक्य कुणी उच्चारलं की मी ते तारखेनिशी वहीत लिहून ठेवतो.

आता दुसरी गोष्ट, आणि ही निखळ इंजिनिअरिंगची. समजा नाव चुकलं. बाईला वाहन म्हटलं काय, सायकल म्हटलं काय, ती डावीकडून उजवीकडे सरकतेय एवढं तरी मागच्या चार-पाच नोंदींवरून कळायला हवं होतं. दोन सेकंदांपूर्वी ती कुठे होती आणि आता कुठे आहे, यांच्यामधून रेघ ओढली की झालं. ती रेघ ओढली गेली नाही, कारण नाव बदललं की पुढचा मार्ग ठरवताना त्या वस्तूचा जुना माग विचारात घेतला जात नसे. दर वेळी पाटी कोरी. वाहनाची इतर झाली, इतरची वाहन झाली, मग सायकल झाली, आणि प्रत्येक वेळी ती बाई रस्त्यावर नुकतीच उगवलेली नवी वस्तू ठरली.

यातली ग्यानबाची मेख ही, की सुटे सुटे भाग तपासले तर कुठेही मोठं लाल निशाण दिसत नाही. ओळखण्याचा भाग म्हणेल: मी ५.६ सेकंद आधी पकडलं, माझं काम झालं. नाव डळमळतंय हे खरं, पण हातात सायकल, तिच्यावर पिशव्या, शेजारी माणूस, असा आकार उदाहरणांवरून शिकलेल्या कुठल्याही मॉडेलला चकवेल, टक्केवारीत ते खपून जातं. अंदाज बांधणारा भाग म्हणेल: मला 'इतर' मिळालं, नियमाप्रमाणे मी 'स्थिर' दिलं. मार्ग ठरवणारा भाग म्हणेल: शेजारच्या लेनमध्ये स्थिर वस्तू आहे, मी कशाला थांबू? तिघंही आपापल्या चाचणीत पास. डळमळणारं नाव आणि विसरणारा माग हे दोन दोष एकमेकांना भेटले, ते भागांच्या मधल्या फटीत, आणि ती फट कुणाच्याच नावावर नव्हती.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रॉडक्टवर काम करायला लागल्यापासून हे फार जवळून दिसतं. मॉडेल चुकणारच. अचूकता कितीही वाढवा, काही उत्तरं चुकीची येणार हे सगळ्यांना मान्य असतं. पण त्या उत्तराच्या पुढे जो साधा, हाताने लिहिलेला कोड असतो, तो मात्र उत्तर बरोबरच येणार असं धरून लिहिलेला असतो. टेम्पीत मॉडेलला शंका होती. ती शंका तक्त्यात ओळीओळीला दिसते, सतत नाव बदलणं म्हणजे शंकाच. पुढच्या कोडला मात्र शंका वाचता येत नव्हती, फक्त नाव वाचता येत होतं. 'हे काय आहे ते माहीत नाही, पण आपल्या वाटेकडे येतंय, तेव्हा वेग कमी कर', एवढं सांगायला नाव लागतच नाही.

आता तो एक सेकंद.

खोट्या इशाऱ्यांचा त्रास ज्याने भोगलाय त्याला हा भाग वाचताना त्या डेव्हलपरांची कीव येईल. गाडीला उडणारी प्लॅस्टिकची पिशवी अडथळा वाटे, आणि ती करकचून ब्रेक मारी, अशा प्रकारचं हे दुखणं. मागून गाडी येत असेल तर विनाकारण मारलेला ब्रेकही धोक्याचाच. म्हणून उबरने ठरवलं, की आणीबाणीची परिस्थिती दिसली तर आधी एक सेकंद कृती दाबून ठेवायची, तेवढ्यात धोका खरा आहे का ते पडताळायचं किंवा माणसाला ताबा घेऊ द्यायचा. सेकंदानंतर पूर्ण ब्रेकने टक्कर टळणार असेल तरच ब्रेक. टळणार नसेल तर इशारा आणि सावकाश वेग कमी करणं. धडक होणारच असेल तर निदान करकचून ब्रेक मारून ती कमी वेगाने होऊ दे, हा विचार त्या नियमात नव्हता.

वेग दर सेकंदाला सात मीटर प्रतिसेकंद इतका कमी केला, तर ती गाडी २७-२८ मीटरमध्ये उभी राहते. अडीच सेकंद आधी बाई पन्नासेक मीटर लांब होती. १.२ सेकंद आधी सुमारे २३ मीटर. पूर्ण थांबता आलं नसतं, पण ६३ ऐवजी कितीतरी कमी वेग राहिला असता.

आणि हे करणारे आपण नाही, असं म्हणायची माझी हिंमत नाही. ऑटोमेशन सूटमध्ये, म्हणजे आपोआप चालणाऱ्या टेस्टच्या संचात, एखादी टेस्ट कधी पास, कधी फेल होते. कंटाळून कुणीतरी नियम टाकतो: फेल झाली तर आपोआप पुन्हा चालवा, तीनदा, एकदा जरी हिरवी, म्हणजे पास, आली तर हिरवी धरा. त्या सेकंदात आणि या नियमात मला फरक दिसत नाही. एका प्रोजेक्टवर मीच हा नियम लावला होता, आणि सकाळचा रिपोर्ट स्वच्छ हिरवा दिसायला लागला म्हणून टीमने चहा पाजला होता. पुढे एका रिलीजला डेटा दुहेरी नोंदला जाऊ लागला, तेव्हा शोधता शोधता कळलं, की ती टेस्ट महिनाभर आधीपासून अधूनमधून हेच ओरडून सांगत होती. आमच्या चुकीने कुणाच्या जिवाला काही झालं नाही, चार रात्री जागाव्या लागल्या एवढंच.

व्होल्वोची स्वतःची टक्कर टाळणारी यंत्रणा त्या गाडीत कारखान्यातूनच बसवलेली होती. उबरचं सॉफ्टवेअर गाडी चालवत असताना ती बंद ठेवली जाई, कारण दोघांची रडारं एकाच लहरीपट्ट्यात असल्याने एकमेकांत ढवळाढवळ होण्याची शक्यता होती. अपघातानंतर व्होल्वोने ती यंत्रणा चालू आहे असं धरून सिम्युलेशन केलं, पादचाऱ्याच्या हालचालीचे वीस प्रकार घेऊन. सतरांमध्ये धडक टळली. उरलेल्या तिनांत धडकेचा वेग ताशी १६ किलोमीटरच्या खाली आला. म्हणजे बाजारात विकत मिळणारी गाडी, तिच्यावर काहीही न जोडता, त्या रात्री बहुधा थांबली असती. नवी सिस्टीम जुनीहून हुशार आहे असं धरून जुनी बंद करायची घाई आपल्याकडच्या प्रत्येक मायग्रेशनमध्ये, म्हणजे जुन्या सिस्टीमवरून नव्यावर जाताना, असते.

असे एकेक आडोसे गेले आणि शेवटी उरली ती खुर्चीतली बाई.

सुरुवातीला गाडीत दोघं असायची. एक स्टिअरिंगमागे, दुसरी व्यक्ती शेजारी, नोंदी करायला. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये उबरने दोनाची एक केली. रस्त्यावर नजर ठेवायची, मधल्या पडद्यावर सिस्टीमचे संदेश पाहायचे आणि लक्ष देण्याजोग्या घटनांवर खूण करायची, हे सगळं एकाच्या माथी आलं. मंडळाच्या मे २०१८ च्या प्राथमिक अहवालात, म्हणजे ०.२ सेकंदांवरचा तो इशारा उजेडात येण्याआधी, एक गोष्ट अगदी कोरडेपणाने नोंदवली आहे: आणीबाणीत ब्रेक मारणं हे काम माणसावर सोडलेलं होतं, आणि माणसाला सावध करायची सोय सिस्टीममध्ये नव्हती. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा भाषांतरात काही चुकतंय असं वाटून परत वाचलं.

त्या बाईने काय केलं तेही लपवण्यासारखं नाही. तिच्या फोनवर टीव्हीचा कार्यक्रम सुरू होता. आतल्या कॅमेऱ्यात ती वारंवार खाली पाहताना दिसते, धडकेआधीच्या सहा सेकंदांतली जवळजवळ पाच सेकंदंसुद्धा. मंडळाने अपघाताचं मुख्य कारण हेच धरलं. सोबत कंपनीचं धोक्याचं अपुरं मूल्यमापन, चालकांवरची ढिली देखरेख, आणि यंत्रावर विसंबून माणूस सैल पडतो याला उत्तर नसणं, ही कारणं जोडली. पादचाऱ्याचं क्रॉसिंग सोडून ओलांडणं आणि राज्याची अपुरी देखरेख हीसुद्धा. आतला कॅमेरा होता, पण त्याचं चित्रण तपासायची शिस्त नव्हती. कंपनीत सुरक्षेचा वेगळा विभागच नव्हता.

सैल पडण्याबद्दल मात्र थोडं बोलायला हवं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश रडारवाले तासन्‌तास पडद्याकडे पाहत बसत आणि ठिपके त्यांच्या नजरेतून सुटत. नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने त्यासाठी एक घड्याळ बनवलं: काटा टिकटिक सरकतो, क्वचित एकदम दोन घरं उडी मारतो, ती उडी टिपायची. पहिल्या अर्ध्या तासातच माणसं घसरतात, असं दिसलं. हे निष्कर्ष १९४८ मध्ये छापून आले. टेम्पीच्या गाडीतही बसून अशाच उडीची वाट पाहायची. तोच ठरलेला फेरा, त्या रात्री दुसऱ्यांदा, रविवारी रात्री, एकटीने. सिस्टीम जितकी चांगली चालते तितका तिच्यावर पहारा देणारा माणूस निकामी होतो. मॅन्युअल रिग्रेशनच्या, म्हणजे आधीचं काही बिघडलं नाही ना हे हाताने तपासण्याच्या, तिसऱ्या दिवशी, दोनशेव्या टेस्ट केसला, न वाचता 'पास' टिकमार्क केलेला माणूस मला माहीत आहे. त्याचं आधार कार्ड माझ्याच पाकिटात आहे.

यावर शिक्षा हा इलाज नसतो असं नाही, पण तो शेवटचा आणि सगळ्यात दुबळा इलाज असतो. खुर्चीत आणखी एक माणूस बसवणं हा जुना इलाज होता, तो काढून टाकलेला होता. फोन गाडीबाहेर ठेवायला लावणं, फेरे लहान करणं, डोळे रस्त्यावरून हटले की टोकणारा कॅमेरा लावणं, यातलं काहीही त्या रात्रीआधी करता आलं असतं. कंपनीतल्याच एका व्यवस्थापकाने अपघाताच्या पाच दिवस आधी वरिष्ठांना ईमेल पाठवून गाड्या वारंवार कशाकशाला धडकतात आणि चालक नीट तयार केलेले नाहीत हे कळवलं होतं, असं पुढे बातम्यांत आलं. सप्टेंबर २०१६ ते मार्च २०१८ या काळात उबरच्या चाचणीच्या गाड्या स्वयंचलित चालू असताना लहानमोठ्या ३७ अपघात-घटना झाल्याचं मंडळाने मोजलं. त्यातल्या ३३ मध्ये समोरची गाडी यांच्यावर आदळली होती. यातून दोन अर्थ निघतात, आणि वरिष्ठांसाठी आकड्यांचा फलक बनवणारा नेहमी पहिलाच काढतो: चूक समोरच्याची. दुसरा अर्थ असा, की आपली गाडी रस्त्यावर बाकीच्यांना अनपेक्षित वाटेल असं काहीतरी करतेय का, हे कुणी पाहिलं का?

दुरुस्त्यांबद्दल फार लिहायला नको, त्या वाचूनच दोष कळतात. एका सेकंदाचं दाबून धरणं काढलं. नाव बदललं तरी माग राखायचं ठरलं. क्रॉसिंगबाहेरचा पादचारी डिझाइनमध्ये आला. रडारच्या लहरींचा प्रश्न सोडवून व्होल्वोची यंत्रणा चालू ठेवली. दोन माणसं परत आली. सुधारलेल्या सॉफ्टवेअरवर तोच प्रसंग पुन्हा चालवला, तर रस्ता ओलांडणारी बाई ८८ मीटरवरून, धडकेच्या साडेचार सेकंद आधी बरोबर ओळखली जाते आणि चार सेकंदांहून आधी ब्रेक लागायला सुरुवात होते, असं कंपनीने मंडळाला सांगितलं.  डिसेंबर २०१८ मध्ये पिट्सबर्गला चाचण्या पुन्हा सुरू झाल्या. दोन वर्षांनी उबरने हा विभागच ऑरोरा या कंपनीला देऊन टाकला.

जुलै २०१८ मध्ये उबरने खुर्चीत बसणाऱ्या सुमारे शंभर चालकांना कमी केलं आणि ५५ जागा नव्या नावाने काढल्या: मिशन स्पेशालिस्ट. तांत्रिक माहिती जास्त असलेली, डेव्हलपरांना नीट अभिप्राय देऊ शकणारी माणसं हवीत, असं म्हणून. खुर्ची तीच. अपघाताआधी ते काम गाडी सांभाळण्याचं समजलं जाई. नंतर ते टेस्टिंगचं काम आहे हे मान्य झालं.

मार्च २०१९ मध्ये सरकारी वकिलांनी कंपनीवर फौजदारी जबाबदारी येत नाही असं कळवलं. २०२० मध्ये स्टिअरिंगमागच्या त्या बाईवर निष्काळजीपणाने मृत्यूला कारणीभूत ठरल्याचा आरोप ठेवला गेला. जुलै २०२३ मध्ये तिने दुसऱ्याचा जीव धोक्यात घातल्याचा, कमी गंभीर गुन्हा कबूल केला, आणि न्यायालयाने तिला तीन वर्षं देखरेखीखाली ठेवण्याची शिक्षा दिली. या प्रकरणात शिक्षा झालेली ती एकटीच.